कॅन्डिडाला कोंब फुटतो तेव्हा : अडीच तासांच्या टेस्टमधून जीनचे नियमन कसे वाचावे

कॅन्डिडा अल्बिकन्स या रोगकारक यीस्टच्या (एकपेशीय बुरशीच्या) गोल-लांबट पेशी सीरममध्ये (रक्तातल्या पेशीविरहित द्रवात) टाकून ३७ अंशांवर ठेवल्या, की दोन-अडीच तासांत त्यांना कोंब फुटतात. पॅथॉलॉजी लॅबमधली जर्म ट्यूब टेस्ट ती हीच. रेनॉल्ड्स आणि ब्राउड यांनी १९५६ साली ही गोष्ट नोंदवली. टेस्ट आजही टिकून आहे, कारण तिला पाण्याचे इन्क्युबेटर आणि मायक्रोस्कोप एवढेच लागते. पण रजिस्टरमध्ये 'पॉझिटिव्ह' लिहून स्लाइड जंतुनाशक हायपोक्लोराइटच्या भांड्यात टाकली, की खरी गंमत हुकते. त्या अडीच तासांत पेशीने एक ब्रेक सोडलेला असतो, शरीराचा आकार बदललेला असतो आणि माणसाच्या पेशींना भोके पाडणाऱ्या विषाचे जीन चालू केलेले असते. सगळे एकदम घडते म्हणून ते एकच आहे असे वाटते. तसे नाही. वाढ, आकार आणि रोगकारकता यांची बटणे एकाच बोर्डावर असली तरी ती तीन वेगळी बटणे आहेत, आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टांमधले बहुतेक चुकीचे निष्कर्ष त्यांची सरमिसळ केल्याने निघतात. खालची पद्धत ती सरमिसळ टाळण्यासाठी आहे.

काम जैवसुरक्षा स्तर २ चे आहे. स्ट्रेन संग्रहातूनच घ्या. पुण्याच्या एनसीएलमधला एनसीआयएम किंवा चंडीगडचा एमटीसीसी. जीनोमशी ताडून पाहायचे असेल तर एससी५३१४ हाच स्ट्रेन हवा, कारण प्रायमर (पीसीआरमध्ये नेमक्या जीनला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) बनवण्यासाठी जो क्रम सगळे वापरतात तो त्याचा आहे.

आदली रात्र

सॅब्युरो डेक्स्ट्रोज आगरवर ३० अंशांना ४८ तास वाढवलेल्या प्लेटवरून एकच सुटी कॉलनी उचला. ५ मिली वायपीडीमध्ये (१ टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २ टक्के पेप्टोन, २ टक्के डेक्स्ट्रोज) टाकून ३० अंशांवर, २०० आरपीएमला १६ ते १८ तास हलवत ठेवा. ३७ वर ठेवू नका. रात्रभर ३७ अंशांवर राहिलेल्या पेशींतल्या काही आधीच लांबट होतात आणि सकाळी तुमचा शून्य मिनिटांचा नमुनाच बिघडलेला असतो.

सकाळी पेशी ३,००० आरपीएमला ५ मिनिटे फिरवून खाली बसवा, वरचे पाणी ओता, पीबीएसने (क्षारयुक्त बफरने) दोनदा धुवा. हे धुणे निव्वळ स्वच्छतेसाठी नाही. दाट कल्चरमध्ये कॅन्डिडा फार्नेसोल नावाचे रसायन बाहेर सोडते आणि ते 'इथे गर्दी आहे, कोंब काढू नका' असा निरोप देते. २००१ मध्ये ते ओळखले गेले. म्हणजे तुम्ही पेशी धुऊन पातळ करता तेव्हा नुसती तयारी करत नसता, पहिला संदेश तुम्हीच देत असता. घड्याळ तिथून सुरू करा.

मोजणीसाठी न्यूबाउअर चेंबर वापरा. मधल्या २५ चौकोनांतल्या पेशी गुणिले पातळीकरण गुणिले १०,००० म्हणजे दर मिलीतल्या पेशी. समजा १०० पट पातळ करून १५० पेशी मोजल्या, तर मूळ कल्चरमध्ये दर मिलीला १५ कोटी. आपल्याला दर मिलीला १० लाख हव्यात, म्हणून २० मिली माध्यमात साधारण १३३ मायक्रोलिटर टाकायचे. आई-पेशीला चिकटलेली कळी (फुटत असलेली नवी पेशी) स्वतंत्र मोजायची की नाही हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तोच नियम पाळा. ओडीवरून (यंत्राने मोजलेल्या द्रवाच्या धूसरपणावरून) अंदाज चालतो, पण स्ट्रेनगणिक पेशीचा आकार बदलतो आणि एका ओडीमागची संख्याही बदलते. एकदा तरी चेंबरशी ताडून घ्या.

टेस्ट

लहान काचेच्या नळीत ०.५ मिली फीटल बोव्हाइन सीरम घ्या. मानवी सीरमही चालते, पण त्यातून एचआयव्ही आणि कावीळ ब, क यांचा धोका पत्करण्यात शहाणपण नाही. कॉलनीला टोक लावून अगदी कणभर वाढ मिसळा. द्रव जेमतेम धूसर दिसला पाहिजे. ३५ ते ३७ अंशांवर अडीच तास. मग एक थेंब स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, ४० च्या लेन्सखाली.

काय शोधायचे? पेशीतून निघालेली, कडा समांतर असलेली, पेशीच्या साधारण निम्म्या रुंदीची आणि तीन-चार पट लांबीची नळी. सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे ती जिथून निघते तिथे कंबर आवळलेली नसते. कंबर आवळलेली दिसली तर ती लांबलेली कळी, म्हणजे स्यूडोहायफा. कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस ही दुसरी जात इथेच फसवते, आणि तीन तासांपेक्षा जास्त ठेवले तर जास्तच. 'जेवून येऊन बघू' म्हणणाऱ्यांच्या रिपोर्टमध्ये म्हणूनच अल्बिकन्सचे प्रमाण वाढलेले असते.

उलट चूक म्हणजे जास्त पेशी टाकणे. पेशी दर मिलीला १ कोटीच्या वर गेल्या की कोंब फुटण्याचे प्रमाण घसरते आणि अल्बिकन्स निगेटिव्ह येतो. दर खेपेला दोन कंट्रोल लावा: ओळखीचा अल्बिकन्स आणि ओळखीचा ट्रॉपिकॅलिस किंवा कॅन्डिडा ग्लॅब्राटा. सीरमची बाटली पुन्हा पुन्हा गोठवून वितळवली की तिचा दम जातो, आणि ते फक्त पॉझिटिव्ह कंट्रोलच सांगतो.

पॉझिटिव्ह म्हणजे अल्बिकन्सच, असेही नाही. १९९५ मध्ये वेगळा काढलेला कॅन्डिडा डब्लिनिएन्सिसही कोंब काढतो. तो ४५ अंशांवर वाढत नाही, अल्बिकन्स वाढतो. अल्बिकन्सचे थोडे स्ट्रेन कोंब काढतच नाहीत. आणि आयसीयूमधून आलेला निगेटिव्ह नमुना 'नॉन-अल्बिकन्स' म्हणून सोडून देणे आज परवडणारे नाही. अनेकदा औषधांना दाद न देणाऱ्या कॅन्डिडा ऑरिसलाही कोंब फुटत नाही. तिथे माल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वजनांवरून जात ओळखणारे यंत्र) किंवा सिक्वेन्सिंगकडे जावेच लागते.

आत काय चालते

यीस्टच्या रूपात असताना कोंबाचे जीन बंद का असतात? कारण त्यांच्या प्रमोटरवर (जीन चालू-बंद होते त्या जागेवर) एनआरजी१ हे प्रथिन बसलेले असते आणि ते टप१ या दुसऱ्या प्रथिनाला सोबत घेऊन जीन दाबून ठेवते. हा ब्रेक. १९९७ मध्ये टप१ काढून टाकलेली कॅन्डिडा कुठल्याही माध्यमात, कुठल्याही तापमानाला तंतूंसारखीच वाढते असे दिसले, तेव्हा एक गोष्ट पक्की झाली: कोंब ही पेशीची सहजप्रवृत्ती आहे आणि यीस्ट राहण्यासाठी तिला सतत ब्रेक दाबून धरावा लागतो.

ब्रेक दोन टप्प्यांत सुटतो आणि प्रयोग आखताना हेच सर्वात उपयोगी पडते. पहिल्या टप्प्यात ३७ अंश तापमान आणि सीरम यांचा निरोप रास१ हे प्रथिन, तिथून सायआर१ हे एन्झाइम, त्यातून सायक्लिक एएमपी आणि पुढे प्रोटीन कायनेज-ए असा जातो. सीरममधले बॅक्टेरियाच्या भिंतीचे बारीक तुकडे थेट सायआर१ ला चिकटतात. कार्बन डायऑक्साइडही बायकार्बोनेटच्या रूपात त्यालाच हाक मारतो. तापमानाची जाण एचएसपी९० या प्रथिनाकडून येते: ते एरवी हा मार्ग दाबून ठेवते आणि उष्णतेत त्याची पकड सुटते. प्रोटीन कायनेज-ए पुढे ईएफजी१ या नियामक प्रथिनाला कामाला लावते आणि एनआरजी१ ची पातळी झपाट्याने पडते. पातळ केल्यामुळे फार्नेसोल गेलेले असते, म्हणून शिल्लक एनआरजी१ प्रथिनही तोडले जाते.

पण ही घसरण तात्पुरती असते. एनआरजी१ परत येते. तोपर्यंत दुसरा टप्पा पार पडला नसेल तर पेशी कोंब सोडून पुन्हा कळ्या काढू लागते. दुसऱ्या टप्प्यात बीआरजी१ हे प्रथिन एचडीए१ या एन्झाइमला प्रमोटरवर आणते आणि तिथल्या क्रोमॅटिनची (डीएनए व प्रथिनांच्या गुंडाळीची) मांडणी अशी बदलते, की परतलेल्या एनआरजी१ ला बसायला जागाच उरत नाही. त्यासाठी सीरम हवे किंवा अन्नाची चणचण. चमचमीत अन्न मिळत असताना अन्नाची जाण ठेवणारा टॉर मार्ग जोरात असतो आणि बीआरजी१ वर येत नाही. वाढीचे नियमन आणि रोगकारकतेचे नियमन एकमेकांत अडकते ते इथे. पोट भरलेली पेशी वाढते. कोंब टिकवून धरण्याची तिला गरज वाटत नाही.

यानंतर यूएमई६ या नियामकाची पातळी वर येते आणि त्याची मात्राच आकार ठरवते: कमी असेल तर स्यूडोहायफा, भरपूर असेल तर खरा हायफा, म्हणजे कंबर न आवळलेला तंतू. एचजीसी१ हे सायक्लिन (पेशीचक्र चालवणारे प्रथिन) टोकाची वाढ चालू ठेवते. ईसीई१, एचडब्ल्यूपी१ आणि एएलएस३ ही आपल्या शरीराशी भिडणारी जीन. एएलएस३ चिकटण्यासाठी आणि आत शिरण्यासाठी, एचडब्ल्यूपी१ चिकटण्यासाठी, आणि ईसीई१ मधून ३१ अमिनो आम्लांचे कॅन्डिडालायसिन तुटून निघते. हेच ते भोके पाडणारे विष. ते २०१६ मध्ये सापडले.

चार फ्लास्क

हे डोळ्यांनी पाहायचे तर चार फ्लास्क लावा, प्रत्येकात दर मिलीला १० लाख पेशी. पहिला, वायपीडी ३० अंश. दुसरा, वायपीडी ३७ अंश, सीरम नाही. तिसरा, वायपीडी आणि १० टक्के सीरम, ३० अंश. चौथा, वायपीडी आणि १० टक्के सीरम, ३७ अंश. माध्यमे आधीच त्या त्या तापमानाला आणून ठेवा. फ्रिजमधले माध्यम वापरले तर पहिली वीस मिनिटे ते गरम होण्यातच जातात आणि तीस मिनिटांचा नमुना निरर्थक ठरतो.

नमुने ०, ३०, ६०, १२० आणि २४० मिनिटांना. दर वेळी १ मिली फॉर्मालिनमध्ये, अंतिम प्रमाण ४ टक्के, मायक्रोस्कोपसाठी. किमान २०० पेशी मोजून कोंबांची टक्केवारी काढा. दुसरा फ्लास्क सगळ्यात बोलका. त्यात सुरुवातीला बऱ्याच पेशींना आखूड कोंब दिसतात आणि पुढे त्या पुन्हा कळ्यांकडे वळतात: पहिला टप्पा झाला, दुसरा झालाच नाही. चौथ्यात कोंब लांबत जातात. फक्त १२० मिनिटांचा एकच नमुना घेणाऱ्याला हा फरक कधीच कळत नाही.

फार्नेसोलचा परिणाम तपासायचा असेल तर सीरममध्ये तपासू नका. सीरममधले अल्ब्युमिन त्याला धरून ठेवते आणि 'काही परिणाम नाही' असा खोटा निकाल येतो. त्याऐवजी सीरमविरहित माध्यमात २.५ मिलिमोलर एन-असिटिलग्लुकोसमाइन देऊन ३७ अंशांवर कोंब काढा आणि त्यावर १५० ते ३०० मायक्रोमोलर फार्नेसोल घाला. फार्नेसोल मिथेनॉलमध्ये विरघळवले असेल तर तेवढेच मिथेनॉल घातलेला कंट्रोल हवा.

आरएनए

कोणते जीन किती चालू आहे हे त्याच्या आरएनएवरून, पीसीआरने मोजायचे. इथे घाई हवी आणि थंडीही. १० मिली नमुना एक-दोन मिनिटांत फिरवून खाली बसवा, पाणी ओतून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा. टेबलावर दहा मिनिटे पडून राहिलेली पेशी टेबलाच्या तापमानाला उत्तर देऊ लागते, आणि एनआरजी१ तर मिनिटांच्या हिशेबाने बदलते.

कॅन्डिडाची भिंत चिवट आहे. आरएनए काढण्याच्या नुसत्या ट्रायझॉल या रसायनाने ती फुटत नाही. १ मिली ट्रायझॉलमध्ये ०.५ मिमीचे आम्लाने धुतलेले काचेचे मणी सुमारे ३०० मायक्रोलिटर घाला, बीड-बीटरवर ३०-३० सेकंदांच्या सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर एक मिनिट बर्फात. तंतूंचा गोळा यीस्टपेक्षा वेगळ्या प्रमाणात फुटतो. म्हणून एकूण आरएनए कमी-जास्त निघेल; प्रत्येकातून मोजून १ मायक्रोग्रॅमच सीडीएनएसाठी (आरएनएवरून बनवायच्या डीएनएसाठी) घ्या. शुद्धता दाखवणारे २६०/२८० चे गुणोत्तर २ च्या आसपास हवे, आणि जेलवर राइबोसोमच्या दोन पट्ट्या ठसठशीत.

डीएनेज (डीएनए तोडणारे एन्झाइम) देणे टाळू नका. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (सीडीएनए बनवणारे एन्झाइम) न घातलेली नळी प्रत्येक नमुन्यासाठी ठेवा. शून्य मिनिटांना ईसीई१ इतके कमी असते, की डीएनएची पुसट भेसळही सिग्नल म्हणून वाचली जाते आणि खरी हजारपट वाढ पन्नासपट दिसते.

प्रायमर १०० ते १५० बेसचा तुकडा देणारे, कार्यक्षमता ९० ते ११० टक्के. एएलएस हे आठ जीनचे कुटुंब आहे आणि भावंडे एकमेकांसारखी दिसतात. एएलएस३ चा प्रायमर एएलएस१ ला चिकटत नाही ना, हे मेल्ट कर्व्ह आणि सिक्वेन्सिंग दोन्हींनी तपासा. ईसीई१ आणि एचडब्ल्यूपी१ मधला पुनरावृत्तीचा भाग टाळा. संदर्भ जीन (तुलनेसाठी धरलेले, स्थिर राहणारे) एकटे एसीटी१, म्हणजे अॅक्टिनचे जीन, नको, सोबत दुसरे एखादे ठेवा. कोंब म्हणजे पेशीच्या सांगाड्याची फेररचना, आणि अॅक्टिन हाच तर तो सांगाडा.

हिशेब असा. समजा यीस्टमध्ये ईसीई१ चे सीटी (सिग्नल दिसू लागतो ती पीसीआरची फेरी) ३१ आणि संदर्भाचे १९, फरक १२. कोंबांमध्ये २० आणि १८.५, फरक १.५. दोन फरकांतला फरक उणे १०.५, म्हणजे २ चा १०.५ वा घात, सुमारे १,४५० पट. ईसीई१ साठी असा मोठा आकडा पाहून दचकू नका. एनआरजी१ मध्ये मात्र काही पटींचाच बदल मिळेल, आणि तोही तीस मिनिटांच्या आसपासच.

वाढ मोजताना होणारी फसगत

यीस्टची वाढ ओडीवर मोजता येते: ३ तासांत ०.१ वरून ०.४ म्हणजे दोन दुपटी, दुपटीला ९० मिनिटे. पण कोंब फुटले की ही पट्टी मोडते. तंतू एकमेकांत गुंततात, गोळे तळाशी बसतात, ओडी घसरतो आणि 'सीरममध्ये वाढ मंदावली' असा निष्कर्ष वहीत जातो. कॉलन्या मोजूनही उपयोग नाही, कारण पन्नास पेशींच्या गोळ्याची कॉलनी एकच. अशा वेळी ०.४५ मायक्रॉनच्या, आधी वजन केलेल्या फिल्टरवर पेशी गाळून वजन स्थिर होईपर्यंत ८० अंशांवर वाळवा आणि कोरडे वजन घ्या. कंटाळवाणे आहे, पण खरे आहे.

हे एवढे ताणून सांगण्याचे कारण म्हणजे म्युटंट. एखादे जीन काढले आणि पेशी कमी घातक झाली, तर पहिला प्रश्न: ती मुळात हळू वाढते का? हळू वाढणारा जीव कमी त्रास देणारच. त्यावरून ते जीन 'रोगकारकतेचे' ठरत नाही. तिन्ही स्ट्रेनची, म्हणजे मूळ, म्युटंट आणि जीन परत बसवलेला, वाढ ३० आणि ३७ अंशांवर आधी मांडा.

कॅन्डिडा द्विगुणित आहे, म्हणजे प्रत्येक जीनच्या दोन प्रती. दोन्ही प्रती काढल्याशिवाय सहसा काही दिसत नाही. २०१५ पासून क्रिस्पर या जीन कापण्याच्या तंत्राने दोन्ही एका फटक्यात निघतात. त्याआधीचे निबंध वाचताना यूआरए३ हे मार्कर (बदललेली पेशी निवडण्याची खूण असलेले जीन) वापरले आहे का ते बघा. ते जीनोममध्ये कुठे बसते यावर त्याची मात्रा ठरते आणि तेवढ्यानेही रोगकारकता बदलते, त्यामुळे काही जुने निष्कर्ष मागे घ्यावे लागले. आता नॉर्सिओथ्रिसिन या प्रतिजैविकाच्या प्रतिकाराचे मार्कर, २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, जास्त सुरक्षित. आणि बाहेरचे जीन घालताना विसरू नका, की कॅन्डिडा सीयूजी या कोडॉनला (जीनमधल्या तीन अक्षरी संकेताला) ल्युसिनऐवजी सेरिन हे अमिनो आम्ल लावते. बेकरीच्या यीस्टसाठी घेतलेले साधे जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन) इथे चमकले नाही तर दोष मायक्रोस्कोपचा नसतो.

आकार, घातकता आणि एकाच माध्यमाचा मोह

ईएफजी१ आणि सीपीएच१ ही दोन्ही नियामक जीन नसलेला म्युटंट सीरममध्ये कोंब काढत नाही आणि उंदरांना मारत नाही. १९९७ चा हा निकाल पाठ्यपुस्तकांत गेला. पण तेवढ्यावर 'कोंब म्हणजे घातकता' असे समीकरण मांडणे घाईचे, कारण ईएफजी१ चयापचयासकट इतर शेकडो जीन हलवते. नेमका प्रयोग २००३ चा. एनआरजी१ ला डॉक्सिसायक्लिनने बंद होणाऱ्या प्रमोटरखाली ठेवले. औषध नसताना एनआरजी१ भरपूर, पेशी यीस्टच राहिल्या, उंदरांच्या अवयवांत पसरल्या आणि साचल्याही. उंदीर मात्र तगले. मग त्याच उंदरांना डॉक्सिसायक्लिन दिले, ब्रेक सुटला, तंतू निघाले आणि उंदीर मेले. वाढ होती, पसरणे होते. जीव घेतला तो ब्रेक सुटल्यावर.

एचजीसी१ चा म्युटंट दुसऱ्या बाजूने हेच दाखवतो. त्याला नीट कोंब फुटत नाहीत, पण ईसीई१ आणि एचडब्ल्यूपी१ चालू होतात. म्हणून मायक्रोस्कोप आणि पीसीआर यांचे जमले नाही, तर लगेच प्रयोग फसला म्हणू नका. आकाराचे यंत्र बिघडले असेल आणि जीनचा खटका शाबूत असेल.

माध्यमही बदलून पाहाच. ईएफजी१ चा म्युटंट सीरममध्ये गुळगुळीत यीस्ट, पण आगरच्या आत पुरून कमी प्राणवायूत वाढवला की तंतू काढतो. तिथे ईएफजी१ चक्क ब्रेकची भूमिका करते. स्पायडर माध्यम (१ टक्का न्यूट्रिएंट ब्रॉथ, १ टक्का मॅनिटॉल, ०.२ टक्के डायपोटॅशियम फॉस्फेट, १.३५ टक्के आगर) आणि सीरम आगर या दोन्हींवर ३७ अंशांना पाच दिवस कॉलन्या पाहिल्याशिवाय 'तंतू न काढणारा' असा शिक्का मारू नये. आतड्यात तर गणितच उलटे आहे: कोंबाचा कार्यक्रम मोडलेले काही म्युटंट उंदराच्या आतड्यात मूळ स्ट्रेनपेक्षा चांगले नांदतात.

काम संपल्यावर द्रव कल्चर १२१ अंशांवर ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह करा, टेबल १ टक्का हायपोक्लोराइटने पुसा. स्ट्रेन २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा आणि प्रत्येक प्रयोगाला त्या साठ्यातून ताजी रेघ ओढा. प्लेटवरून प्लेटवर महिनोन्महिने उतरवत राहिलात, तर कॅन्डिडा गुणसूत्रांची एखादी प्रत गाळते किंवा वाढवते, आणि मग सहा महिन्यांनी 'तोच' स्ट्रेन कोंब का काढत नाही याचा शोध सीरमच्या बाटलीत घेत बसावे लागते.